टांगा स्टँडचा घोडा

नगरात आता टांगा उरला नाही, पण जुन्या टांगा स्टँडच्या भिंतीवर गेल्या पावसाळ्यापर्यंत एक घोडा होता. तो माझ्या वडिलांनी रंगवलेला. आम्ही त्यांना आबा म्हणतो. बाजारपेठेतल्या कितीतरी पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. फ्लेक्स आले आणि पाट्या एकेक करून भंगारात गेल्या. मग झटका आला आणि आबांची उजवी बाजूही गेली. त्यांच्या हातचा म्हणावा असा एवढा घोडाच शिल्लक होता.

मी शाळेत चित्रकला शिकवते. रविवारी आबांना स्कूटीवर मागे बसवायचं, ओढणीनं माझ्या कमरेशी घट्ट बांधायचं आणि निघायचं. लोक बघायचे. बघेनात का!

आधी संग्रहालय. तिथं एका जुन्या चित्रात घोड्यावर बसलेला सरदार आहे. घोड्याच्या पोटापाशी नखाएवढा रंग उडून कोरा कागद दिसतो. आबा डाव्या हाताचं बोट तिथंच नेणार. "बघ, उडालं तर उडू दिलं. कुनी भरलं न्हाई. अक्कल हाय ह्या मान्सांना." दर रविवारी हेच. मला पाठ झालं होतं.

मग गल्लीबोळातून येताना देवळं लागायची आणि आबांचं तोंड सुटायचं. आपल्याकडे जत्रा आली की कोरीव दगडी खांबांनाही ऑइलपेंट फासतात, गुलाबी नाहीतर पोपटी. दरवर्षी नवा थर. "गुदमरला त्यो दगड," आबा म्हणायचे. तरुणपणी पोटासाठी त्यांनीही हेच केलेलं. तो विषय मी काढला की म्हणायचे, "म्हून तर सांगतो ना, भवाने."

शेवटी घोडा. उन्हानं विटलेला, पण जिवंत. त्याचा एक कान मागे वळलेला होता. "टांगेवाला मागं बडबडतोय, त्ये ऐकतोय," असं आबांनी मी लहान असताना सांगितलं होतं. शेजारच्या लाँड्रीवाल्याचा चहा हातात निवून जायचा, तरी यांची नजर कानावरच.

गेल्या पावसाळ्यात भिंत फुगली आणि नेमका त्या कानाचा पोपडा पडला. आबा बोलायचे बंद झाले. ताटातली भाकरी तशीच राहू लागली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा झटका आला तर हातात काही नाही. मला वाटलं, घोडा नीट झाला तर हा माणूस चार घास खाईल.

आणि मी शेण खाल्लं. शाळेतून रजा टाकली, ऑइलपेंटचे डबे घेतले आणि भिंतीपाशी गेले. फक्त कान भरायचा होता. पण नव्या रंगाशेजारी जुनं कपाळ मळकं दिसायला लागलं. ते केलं, तर मान मळकी. संध्याकाळपर्यंत शेपटीपर्यंत पोचले. घोडा तांबडालाल चकाकत होता. येणारेजाणारे वाहवा करत होते. खोटं कशाला बोलू, मी खूश होते.

रविवारी आबांना थेट तिथंच नेलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"ह्यो कुनाचा घोडा?"

मला थट्टा वाटली. "तुमचाच की, आबा."

"माझा न्हाई."

मग त्यांची नजर माझ्या नखांतल्या तांबड्या रंगावर गेली. मी भिंतीकडे पाहिलं. दोन्ही कान सरळ उभे होते. इतकी वर्षं दर रविवारी पाहिलेला कान मला काढता आला नव्हता. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी घातल्या नाहीत.

"टर्पेंटाइननं काढू का वरचं?" मी विचारलं.

"खालचंबी निघंल." मग म्हणाले, "पांढरा ऑइलपेंट आन. चुना धरायचा न्हाई त्याच्यावर."

मी हातापाया पडले. राहू द्या, लोकांना आवडलाय, असंही बोलून गेले. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लोक माझा म्हनून बघत्याल त्यो. नगं."

पुढच्या रविवारी संग्रहालय नाही, देवळं नाहीत. लाँड्रीवाल्यानं प्लास्टिकची खुर्ची दिली, आबा तीत बसले. मी शेपटीपासून सुरुवात केली. हाताखाली नवा माणूस आल्यासारखे ते सांगत होते, "वरनं खाली मार. वघळ आवर." पोट गेलं, पाय गेले, मान गेली, तोंड गेलं. डोळ्यांपुढं नीट दिसेना, तेव्हा मी ब्रश डब्यात टाकला आणि म्हटलं, झालं, आबा, चला घरी.

आबा हलले नाहीत. डावा हात उचलून त्यांनी भिंतीकडे बोट केलं.

"कान राह्यला."