शिळं पाणी

दौंडला गाडीतून उतरले तेव्हा माझ्याजवळ एक पिशवी होती आणि आठवीत शाळा सोडल्याचा दाखला. मी गोंदियाकडची. घरी आईबरोबर विड्या वळायचे. पाबळला वर्षभराचा कोर्स आहे, वायरिंग, वेल्डिंग शिकवतात, शिक्षण कमी असलं तरी घेतात, असं गावात आलेल्या एका ताईंनी सांगितलं. बाबा म्हणाले, जाऊ दे, नाही जमलं तर परत येईल, मग लग्नाचं बघू. मागं उभं होतं ते एवढंच, विड्या आणि लग्न. काहीही झालं तरी परत यायचं नाही, हे मी गाडीतच मनाशी घोकत आले.

मुलींना राहायला तिथं खोली नव्हती. शेजारच्या केंदूर गावातल्या एका धनगर कुटुंबानं मला फुकट ठेवून घेतलं. घरात म्हातारे आबा, तरुणपणी मेंढरं घेऊन हिंडलेले. त्यांचा मुलगा केंदूर-पाबळ जीप चालवायचा, त्यांना मी मामा म्हणायचे. आणि मामी. कोर्सच्या सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, त्या घरानं नको म्हटलं तर माझ्याकडं दुसरं घर नाही.

पहिल्या आठवड्यात मी भात मागितला, तर मामीनं माझ्या कपाळाला हात लावून बघितलं. त्यांच्यात भात आजाऱ्याला. मी आमच्याकडच्यासारखं "करून राहिले" म्हटलं की आबा आतून विचारायचे, "कुठं राहिली? घरात ये की." अंघोळ दगडावर बसून, खाली घमेलं लावून. घमेल्यातलं पाणी परसातल्या लिंबाला जायचं. मला तो कंजूषपणा वाटायचा, आणि ज्यांचं खाते त्यांच्याबद्दल असं मनात येतं म्हणून स्वतःचीच लाज वाटायची.

मला कामाला कुणी हात लावू द्यायचं नाही. शिकायला आलीयस, शिक, म्हणायचे. त्याचीच मला धास्ती होती. बसून खाणाऱ्या परक्या पोरीला माणसं किती दिवस ठेवतील?

गुरुवारी पाबळला लाईट नसायची, वर्कशॉप बंद. तशा एका गुरुवारी मामी कांदा काढायला रानात गेली, मामा जीपवर, आबा पारावर. घर माझ्या ताब्यात आलं. आमच्याकडं आई रोज सकाळी आदल्या दिवसाचं पाणी टाकून देते, भांडी घासते आणि विहिरीवरून ताजं भरते. शिळं पाणी पिणं म्हणजे घरात बाई नसल्यासारखं. इथं तर रांजणातलं पाणी कधीचं होतं कोण जाणे. मी रांजण उपसून रिकामा केला. तांब्याचे हंडे ओतले, चिंच लावून लख्ख घासले. पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून अंगणभर सडा टाकला. मामी आली की म्हणेल, पोरीला आईनं वळण लावलंय.

आबा पारावरून आले आणि ओल्या अंगणाच्या कडेलाच थांबले. मी केलेलं सगळं सांगितलं आणि विचारलं, आता भरू कुठून?

"टँकर सोमवारी," ते म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले.

टँकर विहिरीत पाणी सोडायचा आणि बाया दोर टाकून ते ओढून घ्यायच्या. पण त्या वेळी मी नेहमी पाबळला असायचे. संध्याकाळी मला भरलेले हंडे दिसायचे, एवढंच.

मी हंडा घेऊन विहिरीवर पळाले. तळाला गाळ होता. शेजारी दोन दारांत पाणी मागायला उभी राहिले. एकीनं नाही म्हणून मान हलवली. दुसरी आमच्या अंगणाकडं बघत जावेला ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्यांच्याकडं सडा टाकायला पानी हाय, आन् टँकरला दोर आपल्या आधी." रस्त्यानं जाणाऱ्या एकानं सायकल थांबवून आबांना विचारलं, आज लगीन हाय व्हय घरात?

मी घरात जाऊन पिशवी भरली. पळून जायचं म्हटलं तरी जायचं कुठं? मागंच. पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले.

मामी उन्हातून आली ती सरळ रांजणापाशी गेली. तांब्या आत घातला. तो तळाला आपटल्याचा आवाज झाला. तिनं हंडे बघितले, अंगण बघितलं, मला बघितलं.

"समदं?"

"शिळं होतं, मामी."

ती भिंतीला टेकून खाली बसली. मग तुमच्याकडं रोज टाकून देतात का, असं विचारलं. मी हो म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही बहुतेक, कारण तिनं पुन्हा तेच विचारलं.

मामांनी येताना पाबळच्या हॉटेलातून पाण्याचा एक कॅन आणला, कारण गोष्ट जीपच्या आधी पाबळला पोचली होती. मामीला म्हणाले, सोमवारी विहिरीवर आपल्याला कोण उभं करंल? सकाळी हिला दौंडला गाडीत बसवून येतो. त्यांचं चुकत नव्हतं.

सकाळी मामीनं जीपमध्ये रिकामी पिपं टाकली आणि स्वतःही चढली. तिचं माहेर मांडवगण फराटा, दौंडच्याच वाटेवरचं, तिथं नदीला पाणी. येताना भरून आणू, असं मामा म्हणाले. शिरूर मागं पडलं. पिपं एकमेकांवर आदळत होती, मी पिशवी धरून त्यांच्यामध्ये बसले होते. बाबांना काय सांगायचं, हे जुळवून बघत होते. काही जुळत नव्हतं.

मांडवगणला मामीचा भाऊ उसाला पाणी देत होता. पाइपातून एवढं पाणी पडत होतं की मी तोंड फिरवलं. मामी उतरली आणि भावाला म्हणाली, "दादा, पाइप हिकडं घे."

"येताना भरू की," मामा म्हणाले. "भरल्याली पिपं दौंडापतूर वाहायची व्हय?"

"न्हाई वाहायची."

"मग?"

"आईनं शिकवल्यालं केलं तिनं," मामी म्हणाली. "आपून सांगितलं व्हतं का येगळं काही? दादा, भर तू."

भावानं एकदा दाजींकडं बघितलं, एकदा बहिणीकडं, आणि पाइप पहिल्या पिपात सोडला. मामा जीपला टेकून उसाकडं बघत राहिले. मामीनं मला बोलावलं. मी एका हातानं पाइप धरला, दुसऱ्या हातात पिशवी तशीच. तीन पिपं भरली, झाकणं लागली. मामा गाडीत बसले आणि जीप आल्या वाटेनं वळवली.

न्हावऱ्याच्या पुढं गेल्यावर ते आरशात न बघता मामीला म्हणाले. "सोमवारी हिला शाळंला पाठवू नको. विहिरीवर ने. दोर वढू दे."

म्हणजे सोमवारी मी केंदूरला असणार होते. त्याच्या पुढचं विचारायची माझी हिंमत झाली नाही.