लॅपटॉप गेला, दादा आहेत

आमचा लॅपटॉप बिघडलेला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. तो फक्त हळू होता. घेतानाच दुकानातला सर्वांत स्वस्त बघून घेतलेला. बटण दाबून चहा टाकावा, चहा पिऊन कप विसळून ठेवावा, तेव्हा कुठे तो डोळे उघडायचा. तरीही त्याच्यावर माझ्या बायकोने, मानसीने, तिच्या वडिलांच्या पंचाहत्तरीसाठी जुन्या फोटोंचा सुंदर कार्यक्रम तयार केला होता. गाणी लावून, स्वतःच्या आवाजात माहिती सांगून. तो रविवारी सांडोरला, सासऱ्यांच्या अंगणात, सगळ्या पाहुण्यांना दाखवायचा होता.

मी सातिवलीला प्लास्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. म्हणजे बादल्यांमधलं मला बरंच कळतं. तिथल्या एका सहकाऱ्याने सांगितलं, "लॅपटॉपमध्ये मोबाइलवाली सिस्टीम टाक. फुकट मिळते आणि पळत सुटतो." मी व्हिडिओ पाहिला. व्हिडिओतला माणूस इतक्या सहज सगळं करत होता, की न केल्यास आपणच नालायक ठरू असं वाटलं.

शनिवारी दुपारी मानसी तयारीसाठी सांडोरला गेली आणि मी ड्रॉवरमधला लाल पेन ड्राइव्ह काढला. (रिकामाच असणार, असं मी ठरवलं. कुणी तसं सांगितलं नव्हतं.) तो पुसून त्यावर नवी सिस्टीम उतरवली, लॅपटॉपला लावली. मध्येच पडद्यावर इंग्रजीत मोठा मजकूर आला. आपण मोबाइलवर काहीही न वाचता 'हो' म्हणतो, तसं इथेही म्हटलं.

लॅपटॉप खरोखरच पळाला. चटकन सुरू झाला, मला नमस्कार केला आणि सिम कार्ड घालायला सांगितलं. त्याची ठाम समजूत झाली होती की तो मोबाइल आहे. मी पडद्यावर बोट घासलं, काही हललं नाही. (तो टचस्क्रीन नव्हता, हे बोट काळं झाल्यावर आठवलं.) मग मी मानसीचे फोटो शोधू लागलो. फोटो नव्हते. कार्यक्रम नव्हता. आधीचं काहीच नव्हतं.

एकच उपाय सुचला. मानसीला कळायच्या आत नातेवाइकांकडून फोटो पुन्हा गोळा करायचे. मी विरारच्या आत्याला, म्हणजे सासऱ्यांच्या धाकट्या बहिणीला, फोन लावला.

"आत्या, दादांचा एखादा चांगला फोटो आहे का तुमच्याकडे?" (सासऱ्यांना सगळं गाव दादा म्हणतं.)

"कसला फोटो?"

"एकट्याचा असला तर उत्तम. आजच लागेल. आणि मानसीला फोन करू नका, तिला अजून काही माहीत नाही."

आत्या बारीक आवाजात म्हणाली, "कधी झालं?"

माझ्या आवाजावरून तिने लॅपटॉपचं ओळखलं, असं मला वाटलं. "आत्ताच, दुपारी. बरेच दिवस हळूहळूच चाललं होतं. मी प्रयत्न केला, पण एका क्षणात सगळं गेलं."

"तुम्ही एकटेच होता जवळ?"

"हो. माझ्याच हातून गेलं."

पलीकडे हुंदका आला. एका लॅपटॉपसाठी बाई इतकी हळवी होते, याचं मला फार बरं वाटलं. त्याच उत्साहात मी आणखी चार-पाच घरी फोन केले.

दोनेक तासांनी मानसीचा फोन आला.

"अहो, आत्या टेम्पो भरून माणसं घेऊन आलीय. सगळे पांढऱ्या कपड्यांत. दादांनीच पुढे होऊन 'ये' म्हटलं, तर ती ओट्यावर मटकन बसली. तुम्ही कुणाला काय सांगितलंत?"

मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि स्कूटरवरून सांडोर गाठलं. अंगणात दादा कोयता घेऊन पंगतीसाठी केळीची पानं कापत होते. समोर पंधरा-वीस माणसं त्यांच्याकडे टक लावून बघत बसली होती. एका काकांच्या हातात मोठा हार होता. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

आत्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यांनीच सांगितलं. म्हनतात दुपारी झालं. म्हनतात माझ्याच हातून गेलं."

दादांनी कोयता खाली ठेवला. "कोन गेलं, जावईबापू?"

"लॅपटॉप, दादा."

दादा हसायला लागले, इतके की त्यांना पाणी द्यावं लागलं. "हार आनलाय ना? मग घाला त्या लॅपटॉपला."

मानसी मात्र हसत नव्हती. "म्हणजे माझा सगळा कार्यक्रम गेला?" मग तिने स्वतःच स्वतःची समजूत घातली. "असू दे. मी कॉपी काढून ठेवलीय. ड्रॉवरमध्ये लाल पेन ड्राइव्ह आहे."

मी खिशात हात घातला आणि लाल पेन ड्राइव्ह बाहेर काढला. "हा?"

ती जे बोलली ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. शिवाय ते सगळं खरं होतं.

वाचवलं ते आत्यानेच. ती पिशवी उघडत म्हणाली, "फोटो मागितलेला, तो आनलाय मी." मग एकेक जण पिशव्या चाचपू लागला. दुःखाच्या घाईतही प्रत्येकाने घरातला दादांचा सगळ्यात चांगला फोटो उचलून आणला होता. सायकलवर केळीचे घड लादलेले दादा. विहिरीत सूर मारणारे दादा. आणि गावच्या नाटकात लुगडं नेसून, नाकात नथ घालून लाजणारे दादा. तो सासूबाईंनीही पाहिला नव्हता. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्यापेक्षा बरे दिसता की."

त्या फोटोंचे फोटो काढून मानसीने रविवार सकाळपर्यंत नवा कार्यक्रम उभा केला. उभाच, कारण लॅपटॉप अजूनही स्वतःला मोबाइल समजत होता आणि प्रत्येक चित्र आडवं पाडत होता. शेवटी आम्ही लॅपटॉपच कुशीवर निजवला आणि पडू नये म्हणून दोन्हीकडून नारळ लावले. नथवाला फोटो आला तेव्हा अंगण हसून हसून लोळलं. मागच्या कार्यक्रमात तो नव्हता, हे मानसीने मान्य केलं. दुसऱ्या दिवशी.

माझी अब्रू मात्र परत आली नाही. आता मी घरातला बल्ब बदलायला स्टुलावर चढलो, तरी मानसी आधी नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज टाकते: 'हे आज दुरुस्ती करताहेत. बाकी सगळे खुशाल आहेत.'