जिभेची नोकरी

माइकमावशींना लहानपणापासून एकच गोष्ट ऐकून घ्यावी लागली होती: तुझ्या जिभेला हाड नाही. आईने सांगितलं, शाळेतल्या बाईंनी सांगितलं, सासूने तर लग्नाच्या पहिल्या महिन्यातच सांगितलं. मावशींनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. याच जिभेवर त्यांनी बसस्टँडच्या काचेच्या खोलीत बसून उमेदीची सगळी वर्षं नोकरी केली. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा येणार, कुठली रद्द झाली, हे त्या माइकवरून सांगत. ड्रायव्हर-कंडक्टर त्यांना माइकमावशी म्हणायला लागले आणि हळूहळू खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं. मावशींचा एक नियम होता. ऐकणाऱ्याला समोरचं काही दिसत नाहीये असं धरून बोलायचं. त्याच्या हातात पिशव्या आहेत, कडेवर मूल आहे, पुढे गर्दी आहे; आपण बोललो की त्याला डोळे मिटूनही वाट सापडली पाहिजे.

मग स्टँडवर रेकॉर्ड केलेला आवाज आला. तो कधी खोकत नसे, रजा मागत नसे. मावशींना मुदतीआधीच निवृत्ती देऊन हार घालून घरी पाठवलं. घरी नवरा होता. तो वायरिंगची कामं करायचा आणि स्वयंपाकही तोच करायचा, कारण बायकोच्या हातचं त्याने लग्नानंतर एकदा खाल्लं होतं आणि तेवढ्यात शहाणा झाला होता.

नवी नोकरी मिळाली ती कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. नवऱ्याचा कान दुखत होता, तो आत तपासून घ्यायला गेलेला, आणि मावशी बाहेरच्या बाकावर संत्रं सोलत बसल्या होत्या. शेजारी एक ताठ बसलेल्या वयस्कर बाई होत्या. करड्या रेशमी कपड्यातल्या, हातात काठी. त्या बराच वेळ संत्र्याकडे पाहत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "कसं आहे?"

"घ्या ना," मावशींनी दोन फोडी पुढे केल्या.

"मला नका देऊ. मला कळत नाही. नुसतं सांगा."

मावशींनी एक फोड तोंडात टाकली आणि विचार केला. "सुरुवात गोड आहे, पण ती नुसती दाराशी उभी. आत गेलं की आंबट भेटतं. आणि मागे किंचित कडू राहतं, सालीचं. घरात रंगकाम संपून आठवडा झाला तरी एखाद्या कोपऱ्यात वास राहतो ना, तेवढंच."

बाईंनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाल्या, "तुम्ही काय काम करता?"

"सध्या काही नाही. आत्तापर्यंत बोलायचं करत होते."

"मग अजून थोडं करा," त्या म्हणाल्या.

त्या नळांच्या कारखान्याच्या मालकीण होत्या. निम्म्या शहराच्या स्वयंपाकघरांत त्यांच्याच कारखान्याच्या तोट्या होत्या. नवऱ्याबरोबर त्यांनी आयुष्यभर एकच चैन केली होती: जगातल्या नावाजलेल्या जेवणघरांचा पत्ता काढायचा, आणि तिथवरचा प्रवासही तसाच राजेशाही करायचा. लाकडी नक्षीच्या डब्यांची आगगाडी, खिडकीतून समुद्र दिसणारी जहाजावरची खोली, स्टेशनवर हातमोजे घालून उभा असलेला शोफर. नवरा गेला, तरी मालकीणबाईंनी हे सोडलं नाही. पण एका मोठ्या तापानंतर त्यांना वास येईनासा झाला आणि त्याबरोबर चवही गेली. खारट, गोड, आंबट, कडू एवढं जिभेला कळे; पण संत्र्याचं गोड आणि मधाचं गोड यांत काही फरक उरला नव्हता. डॉक्टरांनी हात टेकले होते.

"पण मी जायची थांबणार नाही," त्या मावशींना म्हणाल्या. "तुम्ही माझ्यासमोर बसायचं, खायचं आणि मला सांगायचं. बस्स."

घरी येऊन मावशींनी हे सांगितलं तेव्हा नवऱ्याने कानातला कापूस काढून पुन्हा एकदा ऐकलं. "म्हणजे खायचा पगार?" तो म्हणाला. "आणि बोलायचा वेगळा? देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात, ते असं."

पहिल्या सफरीत मावशींचं जरा चुकलंच. समुद्रावर पुढे आलेल्या काचेच्या दालनात ते जेवणघर होतं. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, एकेका माणसापुढे मांडलेले इतके चमचे की एखाद्याने दुकान टाकावं. पहिला पदार्थ आला. बशी थाळीएवढी, पदार्थ बटणाएवढा. मावशींनी खाल्लं आणि म्हणाल्या, "वा. अप्रतिम. काय सांगू."

दुसरा आला. "हाही अप्रतिम."

मालकीणबाईंनी काटा खाली ठेवला. "मावशी, मला जाहिरात नको. गाडी उशिरा असेल तर उशिरा म्हणा. रद्द असेल तर रद्द म्हणा. स्टँडवर खोटं सांगत होतात का?"

मावशींना ते लागलं, पण पटलंही. त्या पाणी प्यायल्या, सरळ बसल्या आणि त्यांनी पुन्हा घास घेतला. "मासा चांगला आहे. नदीकाठच्या गार दगडावर हात ठेवल्यासारखा. पण वरचा हा हिरवा फेस कशाला घातलाय कळत नाही. पाहुण्यांच्या घोळक्यात कुणाच्याच ओळखीचा नसलेला एक असतो ना, तसा उभा आहे."

मालकीणबाई खुदकन हसल्या. "आता कसं," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मावशींची गाडी रुळावर आली. त्यांना पदार्थांची नावं उच्चारता येत नसत आणि त्यांनी ती शिकण्याच्या भानगडीतही पडायचं नाही असं ठरवलं. वाढपी घडाघडा वर्णन करून गेला की त्या आपलं सुरू करत. धुरावर ठेवलेलं मांस आलं तर म्हणत, शेकोटीशी बसून आल्यावर दुसऱ्या दिवशी स्वेटरला येतो तो वास. जमिनीखालची कुठलीशी महागडी अळंबी आली तेव्हा म्हणाल्या, "माळ्यावरचं ओलं गोणपाट. पण चांगल्या अर्थाने." एका नामांकित गोड पदार्थाला तर त्यांनी नवीन खोडरबराची उपमा दिली, आणि मालकीणबाईंनी तो मुद्दाम संपवला, कारण शाळेत त्या खोडरबर चावायच्या.

घरी परतल्यावर ही सवय सुटेना. नवरा विचारायचा, "बटाट्याची भाजी कशी झालीय?"

"कडेने चांगली बोलतेय. मधे गप्प आहे."

"मग बोलती कर. मीठ तुझ्या डाव्या हाताला आहे."

असं छान चाललं होतं. मग एकदा मालकीणबाईंच्या भाच्याचा फोन आला. आता कारखाना तोच सांभाळायचा. सरळ, कामसू, पण त्याला आत्याच्या या सफरींचं कोडं सुटत नव्हतं. "मावशी, तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "आत्याला चव कळत नाही. या वयात आगगाड्या, जहाजं, सामान. हा खटाटोप कशासाठी? तुम्ही तिला समजवा ना जरा."

"समजवायचं काम माझ्याकडे नाही. माझ्याकडे सांगायचं काम आहे."

"तुमचं बरं आहे. आयतं खायला मिळतं."

"आयतं नाही," मावशी शांतपणे म्हणाल्या. "एकेक घास बोलून फेडते. तुम्हाला शंका असेल तर पुढच्या वेळी या की बरोबर. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

तो खरंच आला.

त्या खेपेला डोंगरातल्या एका सरोवराकाठच्या जेवणघरात दुपारचं टेबल मिळालं होतं. अख्खा हिवाळा वाट पाहून मिळालेलं. मालकीणबाई तिथे पूर्वी नवऱ्याबरोबर गेल्या होत्या आणि त्यानंतर पुन्हा कधीच नाही. आगगाडी अशी होती की डब्यातल्या पितळी कड्यांत आपलं तोंड दिसावं. बसायला मखमली खुर्च्या, आणि शेवटच्या डब्याला मागे उघडा सज्जा. डोंगर सुरू झाले तसा डब्यातला नोकर मावशींना म्हणाला, बाहेर गार वारा आहे, आत बसा. पण ऐकतील त्या मावशी कसल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या होत्या. आज स्वतःची गाडी दऱ्याखोऱ्यांतून जाताना पाहायची होती. डोक्याला रुमालही न बांधता त्या दुपारभर सज्ज्यात उभ्या राहिल्या.

सकाळी हॉटेलात उठल्या तर नाक चोंदलेलं. वाफ घेतली, बाम चोळला, कडक कॉफी मागवली. कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी. साबण हुंगून पाहिला, तोही मुका. मावशी पलंगाच्या कडेला बसल्या आणि आजचं कसं निभवायचं याचा विचार करू लागल्या. पण लपवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या सरळ खाली नाश्त्याच्या टेबलाशी गेल्या.

"मालकीणबाई, आजची गाडी रद्द. माझं नाक बंद आहे. कसलीच चव लागत नाही."

मालकीणबाई क्षणभर पाहत राहिल्या आणि मग हसायलाच लागल्या. इतक्या हसल्या की काठी खाली पडली. भाचा काठी उचलत म्हणाला, "मग टेबल रद्द करू या ना. दोघींनाही काही कळणार नसेल तर..."

"का?" आत्या म्हणाल्या. "तुझं नाक चालू आहे ना?"

दुपारी तिघं सरोवराकाठच्या टेबलाशी बसले. मधे भाचा, दोन्हीकडे दोघी. पहिला पदार्थ आला. पानाएवढ्या पातळ, कुरकुरीत पापुद्र्यावर काहीतरी मऊ. भाच्याने खाल्लं. दोघी त्याच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"छान आहे," तो म्हणाला.

"आणि?"

"खूप छान."

मावशींनी कपाळाला हात लावला. "अहो, तुमच्या कारखान्यात गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, नळ द्या, छान द्या, तर काय द्याल? कशासारखं आहे ते सांगा."

तो घामाघूम झाला. तोवर मालकीणबाई मावशींकडे वळल्या. "तुम्ही नुसत्या बसू नका. दातांनी खा. कान द्या. पहिला घास मोडतो तो ऐका, मग गार-गरम पाहा. मऊ कुठे संपतं आणि कडक कुठे लागतं ते शोधा."

मावशींनी तसं केलं. पापुद्रा मोडला तसा कानात बारीक आवाज झाला, पहाटेच्या दंवाने कडक झालेल्या गवतावर पाऊल पडावं तसा. मग गार काही जिभेवर पसरलं आणि हळूहळू कोमट झालं. चव कसलीच नाही, तरी घास रिकामा नव्हता. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, इतके दिवस मालकीणबाई समोर बसून हेच खात होत्या. आपण आपल्या शब्दांच्या भरात होतो, आणि या बाई एकट्या आवाजावर आणि स्पर्शावर जेवण चालवत होत्या. कधी एका शब्दाने बोलल्या नव्हत्या.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?" मावशींनी विचारलं.

"तुम्ही विचारलंत कधी?"

मावशी ओशाळून हसल्या. भाच्याला मात्र ते पाहून जरा धीर आला असावा. तिसऱ्या पदार्थाला तो म्हणाला, हे पावसात भिजलेल्या विटेसारखं आहे. चौथ्याला त्याने थेट गॅरेजची आठवण काढली. मावशी मान डोलावून त्याला पुढे ढकलत होत्या, "हं, गॅरेज. पण उन्हातलं की सावलीतलं?"

मग सूप आलं. पांढरं, वर तपकिरी ठिपके. भाच्याने एक चमचा घेतला आणि थांबला. दुसरा घेतला. 

"काय झालं?" आत्या म्हणाल्या.

"करपलेलं दूध," तो म्हणाला. "म्हणजे करपलेलं नाही, त्यांनी मुद्दाम भाजलंय. पण वास तोच. तुझ्या घरचा. सुट्टीत मी तुझ्याकडे असायचो, तू शेगडीवर दूध ठेवायचीस, आणि कारखान्यातून फोन यायचा."

"आणि उतू जायचं."

"दर वेळी. आणि तू ते तसंच माझ्यापुढे ठेवायचीस."

"प्यायलास की."

"प्यायलो ना. बाहेरच्या पायरीवर बसून. काका तिथेच नळाचे सुटे भाग पसरून बसलेले असायचे. तेलाचा वास, पितळेचा वास, आणि हे दूध." तो पुन्हा चमचा उचलून थांबला. "तळाशी जरा खमंग, वर साईसारखं जड. आणि शेवटी कडवट, जिभेच्या मागे. काका म्हणायचे, आज पुन्हा धुराचं दूध."

नवऱ्याचं ते जुनं वाक्य ऐकून मालकीणबाईंनी एक चमचा तोंडात घेतला आणि डोळे मिटले. सरोवरावरून एक बोट सावकाश निघून गेली. 

"वास आला?" भाच्याने हळूच विचारलं.

"नाही," आत्या म्हणाल्या. "पण कुठला ते कळलं."

त्यांनी सूप संपवलं. भाच्याने आणखी मागवलं, जे तिथल्या रीतीत बसत नसावं, कारण वाढप्याच्या भुवया वर गेल्या. पण आणून दिलं.

परतीच्या गाडीत भाचा मावशींच्या शेजारी येऊन बसला.  फक्त म्हणाला, "पुढची कुठे ठरलीय?"

"जहाजाची. उन्हाळ्यात."

"मला कळवा," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

मावशींची सर्दी बरी झाली, नोकरी सुरू राहिली, पण तिची रीत बदलली. आता आधी मालकीणबाई सांगायच्या: काय मोडलं, काय वितळलं, कुठे गार लागलं. मग मावशी त्यात चव भरायच्या. कधी दोघींचं जुळायचं, कधी वाजायचं. भाचा असला तर तो मधेच एखादं गॅरेज नाही तर गोदाम आणून ठेवायचा, आणि मावशी त्याला ते उन्हात की सावलीत विचारायच्या.

जहाजावरच्या जेवणघरात पहिल्या दुपारी वाढपी बशा ठेवून, हात मागे बांधून, पदार्थाची माहिती द्यायला सरसावला. मालकीणबाईंनी काठी उचलून त्याला थांबवलं.

"तुमचं मग," त्या म्हणाल्या. "आधी आमचं होऊ द्या." आणि मावशींकडे वळून त्यांनी पहिला घास मोडला.