अण्णाच्या जाड तारा

चार माणसं एकत्र येऊन वाद्यं वाजवायला लागली, की संगीत किती जमतं ते देव जाणे, किस्से मात्र पोत्यानं जमतात! साठच्या दशकात बंगलोरला आमचा असाच एक बँड होता. मी बोंगो वाजवायचो, पण किस्से बहुतेक अण्णाचे. चिकपेटच्या बाजारात त्याच्या घरचं पिढीजात कापडाचं दुकान. गल्ल्यावर वडील, म्हणजे आप्पा, आणि तागे उलगडायला अण्णा. ऑस्ट्रेलियाला निघालेल्या एका अँग्लो-इंडियन कुटुंबाकडून त्यानं इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि आमच्या गल्लीची दुपारची झोप उडाली.

* * *

पहिल्या वर्षी गल्लीच्या गणपतीत आमचा कार्यक्रम होता. गिटारला बारीक तारा आणि अण्णाचा हात भारी. तिसऱ्याच गाण्यात त्यानं तार अशी खेचली, की ती तुटली आणि तिचं टोक पुढे बसलेल्या अध्यक्षांच्या टोपीत अडकलं. अध्यक्ष भाषणात बोलले नव्हते इतकं तेव्हा बोलले!

दुसऱ्या दिवसापासून येणारं जाणारं गिऱ्हाईक आप्पांना विचारायचं, टोपीतली तार निघाली का? आप्पा मानी माणूस. वर्षभर ऐकून घेतलं आणि पुढचा गणपती जवळ आल्यावर अण्णाला म्हणाले, "ह्या वर्षी तुटली तर गिटार विकायची. दुकानात लक्ष घालायचं. सरी?"

अण्णा सरी, म्हणजे बरं, म्हणाला खरा, पण त्याचं तोंड एवढंसं झालं. दुकान त्याला नकोसं नव्हतं. पण गिटार गेली तर हा माणूस कोमेजून जाईल, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं.

* * *

मग ठरलं, जाड तारा लावायच्या. कॅन्टोनमेंटमधल्या वाद्यांच्या दुकानातून त्या आणल्या. जाड तार दाबायला जोर लागतो हे माहीत होतं, किती लागतो ते नव्हतं. थोड्याच दिवसांत अण्णाच्या डाव्या हाताची बोटं टम्म फुगली. चिंध्या बांधलेल्या बोटांनी तो रेशीम उलगडून दाखवायचा. एका बाईंनी कळवळून विचारलं, काय झालं? समोर आप्पा बसलेले, म्हणून अण्णा पुटपुटला, भाजलं.

बाई तडक घरी जाऊन अण्णाच्या बायकोला, म्हणजे आमच्या अक्काला भेटल्या. "तू धडधाकट असताना नवऱ्याला चुलीपुढे कशाला बसवतेस?"

* * *

बोटं सावरली, तर गिटारच वाकली. जाड तारांच्या ताणानं तिची मान पुढे आली. अण्णानं कापडवाल्याला सुचेल तोच उपाय केला. तारा सैल केल्या, गिटार दुकानात पालथी घातली आणि मानेवर ताग्यांची थप्पी रचली. नेमकं लग्नाचं मोठं गिऱ्हाईक आलं आणि नवरीच्या आईला सगळ्यात खालचं कापड पसंत पडलं.

अण्णा म्हणाला, "ते विकायचं नाही."

चिकपेटात असं वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. आप्पांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावून त्याच्याकडे बघितलं.

* * *

मान शेवटी सरळ केली ती अक्कानं. गिटारबरोबर एक छोटी वाकडी सळी आली होती. ती कशाची हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून अक्का तिनं लोणच्याच्या बरणीचं झाकण उचकटायची. एकदा गिटार पुसताना तिला मानेच्या टोकाशी भोक दिसलं. सळी घालून पाहिली तर चपखल बसली! ती जराजरा फिरवत गेली तशी मान सरळ होत गेली. गिटारला पुढे कितीतरी दिवस कैरीच्या लोणच्याचा वास येत होता.

* * *

आणि मग तो गणपती. आप्पा पहिल्या रांगेत. सुरू करण्याआधी अण्णानं एकेक तार चाचपून पाहिली. तिसरं गाणं पार पडलं, तार शाबूत. चौथ्याला अण्णा रंगात आला, आणि करंट गेला!

मांडवात फक्त समई उरली. लोक हसायला लागले. आता इलेक्ट्रिक गिटार म्हणजे नुसतं लाकूड. संपलं सगळं, असं मला वाटलं. पण अण्णा थांबला नाही. त्या जाड तारा अगदी बारीक आवाजात बोलत राहिल्या. मी बोंगोवरचे हात काढून घेतले.

आप्पा उठले. आम्हाला वाटलं, घरी निघाले. त्यांनी आपली खुर्ची उचलली, अण्णाच्या गुडघ्याला लागेल इतकी जवळ आणून मांडली आणि कान पुढे करून बसले. ते बघून लोकही गप्प झाले.

गाणं अर्ध्यावर आलं आणि करंट आला. मांडव उजळला, अँप्लिफायर गुरगुरला. आप्पांनी वाकून त्याची वायर उपटली.

"स्वल्प राहू दे ते," ते म्हणाले. "वाजव. आत्ता कुठं ऐकू येतंय."