हमालाचे पाय बांधण्याआधी

"औषध गाठीचं, मग भुर्दंड पोराबाळांना का, वहिनी? माणसाच्या भाषेत सांगा."

"हळू भावजी, इस्पितळाचा सगळा व्हरांडा कान टवकारून बसलाय. पेशीच्या पोटात एक हमाल असतो, कायनेसिन म्हणतात त्याला. दोरीवरून चालतो, ओझी वाहतो. एका पेशीच्या दोन होताना वाटणीची ओढाताणही त्याच्याच गळ्यात. तुमच्या गाठीत त्याला उसंत नाही. हे नवं औषध त्याचे पाय बांधतं."

"बांधू द्या की मेल्याचे!"

"अहो, शुक्रजंतू घडताना शेपटीचं सामानही तोच वाहतो. शेपूट नाही तर पोहणार कशाने?"

ट्रकवाल्या दिराचं हसू मावळलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कॅन्सरची गाठ फुप्फुसापर्यंत पोचलेली, दुपारी औषधाचं सलाईन लागणार म्हणजे लागणार. डॉक्टर एक दिवस थांबायला तयार नव्हते. त्याआधी बीज गोठवून ठेवलं तरच पुढे बाप व्हायची आशा.

मान खाली घालून तो नमुना द्यायच्या खोलीत गेला, बाहेर आला आणि नमुन्याची डबी वहिनीच्या हातात कोंबली. "बीज गोठवतात त्या खिडकीवर, त्या बाईला मी देणार नाही. तुम्हीच द्या."

वहिनी त्याच इस्पितळात तपासणीला आलेले गाठींचे तुकडे कापायची. केसाहून पातळ काप, म्हणून सगळे तिला कापवाली म्हणत. वाटेत ॲप्रन घ्यायला ती आपल्या खोलीत शिरली. डबी टेबलावर ठेवली. डोक्यात दिराचा पडलेला चेहरा, हात आपल्या वळणावर. टेबलावर डबी आली की तुकडा सडू नये म्हणून आधी फॉर्मलिन, मग दुसरं काम. झाकण उघडलं, बाटली कलली.

उग्र वास नाकात गेला तेव्हा तिला कळलं, आपण काय ओतलं ते. फॉर्मलिनमध्ये जिवंत काही उरत नाही.

नमुना खराब निघाला म्हणून सांगता आलं असतं. ती तडक दिरासमोर जाऊन उभी राहिली आणि घडलं ते सांगून टाकलं.

त्याची कानशिलं तापली. "वहिनी, माझ्या पोरांचं लोणचं घातलंत?"

"घातलं. शिव्या नंतर द्या. आता परत जा."

"परत? मी काय नळ आहे?"

सलाईनवाली नर्स दोनदा डोकावून गेली. बंद दाराकडे बघत वहिनी ओठ चावत उभी होती. दार उघडलं, पण या खेपेला त्याने डबी छातीशी धरली. "तुमच्या हातात नाही." लाज गुंडाळून तो स्वतःच खिडकीवर गेला.

बीज गोठवणाऱ्या बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काच इकडून तिकडे सरकवली.

"थोडे आहेत."

"हलतायत का?" वहिनीने विचारलं.

"हलतायत. पुरतील तेवढे."

दिराने भिंतीला पाठ टेकली. "वाचले बिचारे, लोणच्यातून." मग तो नर्सच्या मागे सलाईनला गेला.

वहिनी खोलीत परतली. टेबलावर नवी डबी येऊन पडली होती. तिचा हात बाटलीकडे गेला आणि अधांतरी थांबला. तिने चिठ्ठी वाचली, डबी उजेडात धरून आत तुकडाच आहे ना ते पाहिलं, आणि मग फॉर्मलिन ओतलं.