सायकलवाल्यासाठी धरलेला उपास

काचेच्या पेटीत उपाशी बसलेला कुणी नामांकित जादूगार नातीनं मोबाइलवर दाखवला. सून म्हणाली, "थोतांड हाय सगळं." नात म्हणाली, "न्हाई, साधना हाय." मला बोलायला तोंड कुठाय?

मी नवी नवरी असताना सासरच्या गावी, गुंदला, एक जादूगार आला होता. खळ्यावर सात दिवस सायकलवरून न उतरता फिरायचा. माझी अक्कल बघा! तो उतरेपर्यंत आपणही जेवायचं न्हाई, असं मी मनाशी ठरवलं. तिसरा महिना चालू होता, लाजून तेही कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर चक्कर येऊन मटकन बसले. सासूबाईंनी माझ्याकडून सगळं वदवून घेतलं आणि पेजेचा वाडगा तोंडाला लावला. "अगं येडे, तो सायकलवरच केळी खातोय, दूध पितोय! दिसलं न्हाई व्हय?"

कसं दिसणार? नव्या सुनेनं परक्या पुरुषाकडं बघायचं नसतं, म्हणून मी पदराआडून नुसती चाकंच बघितली होती.

सासूबाईंनी घरात सांगितलं, पोरीला पित्त झालंय. सातव्या दिवशी गावानं त्याला हार घातला. माझा लेक धडधाकट जन्मला, आणि माझी फजिती त्या माउलीनं मरेपर्यंत कुणाला कळू दिली नाही.