उद्दिष्टाचा रकाना

"तुले काय व्हायचं हाय?" सरांनी विचारलं. स्केचपेनचं टोपण दातांत धरलेलं होतं.

सातवीचा वर्ग. भिंतीवर पिवळा कार्डशीट चिकटवला होता, वर मोठ्या अक्षरांत 'आमचे ध्येय'. डावीकडे आमची नावं, उजवीकडे मोकळी जागा. एकेकानं उठून आपलं ध्येय सांगायचं आणि सरांनी ते लिहायचं. माझ्याआधी रेवती उठली होती. रेवती म्हणजे गावातल्या मोठ्या घरची मुलगी. आमच्या गावच्या निम्म्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, त्यांचीच, आणि त्या बांध्यांत धान रोवायला माझी आई जायची. रेवती म्हणाली, "डॉक्टर." सरांनी लाल रंगात 'डॉक्टर' लिहिलं आणि शेजारी एक छोटा स्टेथोस्कोप काढला. त्याची नळी चांगली वळणदार जमली होती.

मी म्हटलं, "गणिताची मॅडम."

सर हसले. सर हसले की वर्ग हसायचाच.

"तुमच्यासाठी तर सगळं राखीवच हाय. तुमाले ध्येय कायले पाहिजे?"

आम्ही बौद्ध. वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. सरांनी हे वाक्य बोलून झाल्यावर माझ्या नावापुढे निळ्या रंगात लिहिलं, 'अंगणवाडी मदतनीस'. "झेपन असं ठेवावं," म्हणाले, आणि पुढच्या मुलाचं नाव पुकारलं.

अंगणवाडी मदतनीस होण्यात कमीपणा नाही. माझी मावशी मदतनीस होती, तिनं शेकडो पोरांना भरवलं. पण ते ध्येय माझं नव्हतं. मी दुसरंच सांगितलं होतं, आणि सगळ्या वर्गानं ऐकलं होतं. रेवतीची गणितं मीच तपासून द्यायची, हेही वर्गाला माहीत होतं. तो कार्डशीट वर्षभर तिथंच राहिला. वर्गात शिरलं की पहिली नजर त्या स्टेथोस्कोपवर जायची. मी मनातल्या मनात तो पुसून टाकायची. त्याला मत्सर म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सरळ बांधीवर गेले. रोवणा सुरू होता. सहाजणी यायच्या होत्या, दोघी तापानं पडल्या होत्या, म्हणून चौघीच वाकल्या होत्या. बांधी मात्र तेवढीच. मी धुऱ्यावर, खाचराच्या बांधावर, उभी राहून आईला सगळं सांगितलं, रडत. आई उठून उभी राहिली नाही. पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, पेंडी सोडता सोडता म्हणाली, "अवं, मले धुरा दिसते काय? मी तं मांगं मांगं सरकून राहिली. तरी धुऱ्याले पाठ लागतेच ना? तू आपली गणितं करत राह्य फक्त." मला त्या वेळी त्यातलं काही कळलं नाही. मला आईनं कंबर सरळ करून माझ्याकडे बघायला हवं होतं. ती बघणार कशी? रेवतीचे काका पलीकडच्या धुऱ्यावर छत्री घेऊन उभे होते.

मी गणिताची मॅडम झाले. पूर्ण नाही, अर्धी. तालुक्याच्या गावी संस्थेची शाळा आहे, तिथं तासिकेवर. आसगावकडून येणारी सकाळची बस पकडायची, नऊ तास शिकवायला मिळाले तर आठवडा चांगला म्हणायचा. शाळेत बरीचशी मुलं धरणात गेलेल्या गावांची, पुनर्वसनाच्या वस्तीतली. त्यांना शिकवताना मला बरं वाटायचं, कारण हुशार मुलाला गप्प कसं बसवतात हे मला आतून माहीत होतं.

आणि त्याच शाळेत, त्याच विषयाला, कायम नोकरीत, रेवती.

तिची डॉक्टरकी जमली नाही. दोनदा परीक्षा दिली, मग सोडली. काका संस्थेचे सचिव होते. बीएड झालं आणि ती आली. लहानपणी तिचे जुने फ्रॉक माझ्याकडे यायचे, आईला दिवाळीला दिलेले. मोठेपणी उलटं झालं. माझं ध्येय तिनं घातलं, आणि तिला ते अगदी मापात बसलं. फ्रॉक मी निदान मागितला नव्हता. तिनंही काही मागितलं नव्हतं. स्टाफरूममध्ये तिची स्वतःची खुर्ची होती, कपाटाला कुलूप होतं, हजेरीपटावर तिचं नाव छापलेलं होतं. माझं नाव पेन्सिलनं. मी ते सगळं रोज बघायची. तिचा कडी असलेला स्टीलचा डबासुद्धा मला सलायचा.

ती वाईट असती तर सोपं झालं असतं. ती चांगली होती. "अगं, बस ना," म्हणून आपली खुर्ची द्यायची. त्या खुर्चीवर बसले की मला उठून जावंसं वाटायचं.

आता उद्दिष्टांबद्दल सांगते. शिक्षकाला रोज टाचण काढावं लागतं. आज काय शिकवणार, त्यामागचं उद्दिष्ट काय, विद्यार्थ्याला शेवटी काय येईल, हे सगळं तास घेण्याआधी लिहायचं असतं. आमच्या शाळेत ते तपासणीच्या आधीच्या आठवड्यात लिहिलं जायचं. वर्षभराचं, सगळ्यांचं, एकदम. आणि लिहायची मी. माझं अक्षर सुरेख. अकरा टाचणवह्या. 'विद्यार्थी व्यस्त चलन व्यवहारात ओळखतो.' 'विद्यार्थी श्रमाचे मूल्य जाणतो.' तास जुलैत होऊन गेलेला, उद्दिष्ट मी फेब्रुवारीत लिहितेय. कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. मलाही वाटेनासं झालं होतं.

का लिहायची? कारण गणिताची एक कायम जागा रिकामी होणार होती. मुख्याध्यापक सरांनी तीन वर्षांपासून सांगून ठेवलं होतं, "यंदाची तपासणी बरी जाऊ द्या मॅडम, तुमचं नाव संस्थेकडे पाठवतो." त्या एका वाक्यावर मी अकरा वह्या लिहीत होते.

गेल्या वर्षी जूनमध्ये एक छापील फॉर्म आला. प्रत्येक शिक्षकानं आपलं वर्षाचं उद्दिष्ट लिहायचं. एक रकाना, चार ओळी. मी लिहिलं, 'गणिताची कायम शिक्षिका होणे.' मुख्याध्यापक सरांनी स्टाफ मीटिंगमध्ये एकेकाचं वाचून दाखवलं. माझ्यावर आले, थांबले, खिशातून लाल पेन काढलं. माझ्या ओळीवर एक रेघ मारली आणि बोलत बोलत लिहिलं, 'सहकाऱ्यांस टाचणलेखनात साहाय्य करणे.'

"उद्दिष्ट कसं साध्य होण्यासारखं पाहिजे," सर म्हणाले.

झेपन असं ठेवावं. तेच वाक्य, फक्त शुद्ध भाषेत आलेलं. दोन-चारजण हसले. रेवती हसली नाही, तिनं खाली बघितलं. मला तिचं ते खाली बघणं जास्त लागलं. मी गप्प बसले आणि फेब्रुवारीत अकराही वह्या लिहून दिल्या.

रेवतीच्या वहीत व्यस्त चलनाला, म्हणजे माणसं कमी तर वेळ जास्त या धड्याला, मी एक उदाहरण घातलं. पुस्तकात पाइप आणि टाकी होती. मला पाइप-टाकीचा कंटाळा आला होता. मी लिहिलं, 'सहा बायका एक बांधी चार तासांत रोवतात. दोघी आल्या नाहीत, तर त्याच बांधीला किती तास लागतील?' लिहून झाल्यावर मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले. ते पान फाडून माझ्याजवळ ठेवायला हवं होतं. नाही ठेवलं.

तपासणीला तीन अधिकारी आले. आठवीवर रेवतीचा तास, जुलैत झालेलं व्यस्त चलन साहेबांसाठी पुन्हा. मला टाचणवह्यांचा गठ्ठा घेऊन दाराशी उभं राहायला सांगितलं होतं, मागितल्या की द्यायच्या. रेवतीनं फळ्यावर उदाहरण घातलं. मुलं एकदम सावध झाली. ही त्यांच्या घरची गोष्ट होती. पुनर्वसनाच्या वस्तीतली एक मुलगी उठली.

"मॅडम, गणितात सहा तास येते. पन चौघीच असल्या का मधात कोनी बसत नाही. पानी प्यालेबी नाही. माही आई सांगते."

गणितात न धरलेल्या कष्टाचा केवढा मोठा दरवाजा उघडला होता तिनं. रेवती म्हणाली, "उत्तर सहाच. बस खाली." मुलगी बसली. वहीत मी तिथं काही लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून रेवतीकडे पुढचं काही नव्हतं.

पण अधिकारी खूश. मोठे साहेब म्हणाले, "वा, एकदम मातीतलं उदाहरण. हे सुचलं कसं?"

रेवती लाजली. म्हणाली, "सहजच सुचलं, सर."

सहज. धुऱ्यावर उभी असलेली मी, चिखलात वाकलेल्या चौघी, पलीकडे छत्री. हे तिला सहज सुचलं. तिच्याच काकांची बांधी होती ती.

साहेबांनी वह्या मागितल्या. मी गठ्ठा टेबलावर ठेवला. त्यांनी एक उघडली, दुसरी, तिसरी. हसले. "काय हो, सगळ्या स्टाफचं अक्षर एकच?"

मुख्याध्यापक सरही हसले. "या बाई ठेवल्यात ना सर. अक्षरासाठी."

समोर आठवीचा अख्खा वर्ग. माझा वर्ग. त्यातल्या निम्म्यांना अपूर्णांक मी शिकवले होते. ती मघाची मुलगी माझ्याकडे बघत होती. मी गप्प राहिले असते तर आठ दिवसांत माझं नाव संस्थेकडे गेलं असतं, कदाचित. मला ते माहीत होतं. आणि हेही कळलं की या मुलीनं मला गप्प बसलेलं पाहिलं, तर तीही आयुष्यभर बसेल.

मी म्हटलं, "सर, मला अक्षरासाठी ठेवलेलं नाही. मी गणित शिकवते. या अकरा वह्या मी लिहिल्यात, तास होऊन गेल्यावर. आणि हे उदाहरण कुणाला सहज सुचलेलं नाही. ती बांधी रेवती मॅडमच्या घरची, आणि रोवणाऱ्या चौघींत माझी आई होती."

मोठ्या साहेबांनी घड्याळ बघितलं. चहा तयार आहे, असं कुणीतरी म्हणालं. अहवालात पुढे आलं, 'टाचणवह्या समाधानकारक.' बाकी शून्य.

संध्याकाळी बसथांब्यावर रेवती आली. डोळे लाल झालेले.

"मला आधी बोलली असतीस तर मी तुझं नाव घेतलं असतं ना गं. एवढी काहून जळतेस माझ्यावर?"

"हो, जळते," मी म्हटलं. "सातवीपासून जळते. तो 'आमचे ध्येय'चा कार्डशीट आठवतो?"

तिनं खरंच आठवून बघितलं. कपाळाला आठ्या घातल्या. मग म्हणाली, "कोणता गं? माझं काय लिहिलं होतं त्यावर?"

तिला आठवत नव्हतं. तो स्टेथोस्कोप मला त्याच्या नळीच्या वळणासकट पाठ होता, आणि जिच्यासाठी काढला तिला तो आठवतही नव्हता. ध्येय हुकलं तरी तिच्या आयुष्याला ओरखडा पडला नाही, म्हणून लक्षात ठेवायची गरज पडली नाही. मला या एकाच गोष्टीचा जेवढा हेवा वाटला, तेवढा तिच्या खुर्चीचा, कुलपाचा, पगाराचा कधी वाटला नाही. विसरता येणं. आमच्या वस्तीत कुणालाच ते परवडलेलं नाही. बस आली. मी चढले, ती तिथंच उभी राहिली.

माझं नाव संस्थेकडे गेलं नाही. "तुम्हीच तुमचं नुकसान करून घेतलं," सर म्हणाले. जागा अजून रिकामी आहे, रेवतीचा एक चुलतभाऊ बीएडच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो पास होईपर्यंत ती रिकामीच राहील, हे शिपायालाही माहीत आहे. मला कोणी काढलं नाही, कारण दहावीला गणित शिकवायला दुसरं कुणी नाही. तास मात्र नवावरून पाचावर आणले.

आईला सांगितलं. आता तिची कंबर वाकलेलीच असते, उभी राहिली तरी. म्हणाली, "बोलली ना? मंग झालं." आणि थोड्या वेळानं, "त्या दिवशी मी तुह्याकडे पाहाले पाह्यजे होतं." म्हणजे तिलाही आठवत होतं.

मी रेवतीला माफ केलेलं नाही. तिनं माझं मुद्दाम काही वाईट केलं नाही, हेच मला माफ करता येत नाही. माझा मत्सर गेलेला नाही आणि मी तो घालवणारही नाही. तो मला पहाटे उठवतो. सकाळची बस येईपर्यंत मी भरतीच्या परीक्षेची गणितं सोडवते. अर्ज मी शासनाच्या भरतीत करणार आहे, जिथं कोणाच्या काकांची सही लागत नाही.

या जूनमध्ये पुन्हा फॉर्म आला. त्याच्यासोबत माझ्या टेबलावर अकरा कोऱ्या टाचणवह्या ठेवलेल्या होत्या, नेहमीसारख्या, सगळ्यात वर रेवतीची. मी त्या उचलून ज्याच्या त्याच्या जागेवर नेऊन ठेवल्या. मग बसून रकाना भरला. 'गणिताची कायम शिक्षिका होणे.'

सरांनी लाल रेघ मारून फॉर्म परत पाठवला. मी दुसरा कोरा फॉर्म मागून घेतला आणि तीच ओळ पुन्हा लिहिली. तोही लाल होऊन आला. आज तिसरा भरला आहे. शिपायाकडे दिला नाही. मधल्या सुट्टीत, सगळा स्टाफ बसलेला असताना, सरांच्या हातात मीच देणार आहे, आणि वाचूनही मीच दाखवणार आहे.